इंजिनिअर ते इलेक्ट्रॉनिक्स कंपनीचा सीईओ: मराठवाड्यातली मुलं आणि पालक नेहमी विचारतात ते प्रश्न

वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत मी एक मध्यम आकाराची इलेक्ट्रॉनिक्स कंपनी चालवतो. कृषिपंपाचे कंट्रोलर, बॅटरीचे चार्जर आणि दुचाकी उद्योगाला लागणारी काही कार्डं (सर्किट बोर्ड), एवढाच आमचा पसारा. सुरुवात टीव्हीच्या एका कारखान्यात टेस्टिंगच्या बाकावर झाली, त्याला तीस वर्षं उलटून गेली. नांदेड, लातूर, परभणी, बीडच्या कॉलेजांत बोलायला जातो तेव्हा व्याख्यान संपल्यावर मुलं घोळका करतात, पालक बाजूला घेऊन बोलतात, आणि प्रश्न साधारण तेच असतात. बस पकडायच्या घाईत दिलेलं उत्तर मला रात्री टोचत राहतं. म्हणून इथे सावकाश लिहिलं आहे.

सीईओ म्हणजे कंपनीचा मालकच ना?

नाही. मालकी भागधारकांची. भागधारक संचालक मंडळ निवडतात आणि मंडळ कंपनी चालवायला एक माणूस नेमतं, तो सीईओ, म्हणजे मुख्य कार्यकारी अधिकारी. मंडळ त्याला काढूही शकतं. आपल्या एमआयडीसीतल्या बहुतेक प्रायव्हेट लिमिटेड कंपन्यांत पैसा घालणारा आणि चालवणारा एकच असतो. त्याच्या व्हिजिटिंग कार्डावर 'एमडी' (व्यवस्थापकीय संचालक) असतं, कामगार त्याला साहेब म्हणतात आणि गावाकडचे लोक कारखानदार. त्यामुळे सीईओ व्हायचं तर बापाकडे कारखाना पाहिजे, असं मुलांना वाटतं. मोठ्या कंपन्यांत तसं नसतं. तिथे वीस-पंचवीस वर्षं नोकरी केलेला इंजिनिअर त्या खुर्चीवर बसतो आणि त्याच्या नावावर सुरुवातीला एक शेअरही नसतो.

खरंच इंजिनिअर तिथपर्यंत जातात का? तिथे तर एमबीएवालेच दिसतात.

चिप आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या धंद्यात तरी इंजिनिअरच जास्त दिसतात. एनव्हिडिया या चिप कंपनीचे जेन्सन ह्वांग अमेरिकेतल्या ओरेगन स्टेट विद्यापीठातून १९८४ मध्ये इलेक्ट्रिकल इंजिनिअर झाले, चिप डिझाइन करत नोकऱ्या केल्या आणि १९९३ मध्ये दोन मित्रांबरोबर कंपनी काढली. मेमरी चिप बनवणाऱ्या मायक्रॉनचे संजय मेहरोत्रा कानपूरचे. ते अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठात इलेक्ट्रिकल शिकले, १९८८ मध्ये सॅनडिस्क या मेमरी कंपनीच्या स्थापनेत होते आणि २०१७ पासून मायक्रॉन चालवत आहेत. या दोघांकडे एमबीए नाही. ॲपलचे टिम कुक यांनी औद्योगिक अभियांत्रिकीवर नंतर एमबीए केलं, पण तेही आधी इंजिनिअरच.

एमबीए वाईट नाही. माझ्याकडे खरेदी बघणारा मुलगा एमबीए आहे आणि तो नसता तर २०२१ च्या चिप टंचाईत आमची लाईन बंद पडली असती. पण पदवी संपल्या संपल्या, एकही वस्तू बनताना न पाहता केलेलं एमबीए इलेक्ट्रॉनिक्समध्ये फार उपयोगी पडत नाही. चार-पाच वर्षं काम करा आणि मग ठरवा. तेव्हा वर्गात काय विचारायचं तेही कळेल.

एखाद्याची वाट पायरी पायरीने सांगाल का?

संगणकाचे प्रोसेसर, म्हणजे मुख्य चिप, बनवणाऱ्या एएमडी कंपनीच्या लिसा सू यांची सांगतो, कारण त्या वाटेत आपल्या मुलांना घेण्यासारखं सगळ्यात जास्त आहे.

जन्म १९६९, तैवानमधलं ताइनान. लहानपणीच आईवडलांबरोबर अमेरिकेत गेल्या. भावाची रिमोटची गाडी बंद पडली की उघडून बघायच्या. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातून इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगची पदवी घेतली आणि तिथेच १९९४ मध्ये पीएचडी पूर्ण केली. पुढे थोडा काळ टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स ही चिप कंपनी आणि १९९५ पासून आयबीएम.

आयबीएममध्ये त्यांच्या वाट्याला आलेला प्रश्न बघा. चिपच्या आत ट्रान्झिस्टर (वीज चालू-बंद करणारे अतिसूक्ष्म स्विच) जोडणाऱ्या बारीक तारा तेव्हा ॲल्युमिनिअमच्या होत्या. तांबं वीज जास्त चांगली वाहतं, हे आपल्या वायरमनलाही माहीत आहे. मग तांबं का वापरत नव्हते? कारण तांब्याचे अणू सिलिकॉनमध्ये झिरपतात आणि ट्रान्झिस्टर खराब करतात. मध्ये अडसर म्हणून पातळ थर घालायचा, तो टिकवायचा आणि हे कारखान्यात रोज जमेल असं करायचं, यावर मोठा चमू राबला. सू त्यात होत्या. १९९७ मध्ये आयबीएमने तांब्याचं तंत्र जाहीर केलं आणि पुढे सगळा धंदा त्या वाटेने गेला.

त्यानंतरची पायरी मुलांच्या नजरेतून सुटते. २००० च्या सुमारास सू आयबीएमचे तेव्हाचे प्रमुख लू गर्स्टनर यांच्या तांत्रिक सहायक झाल्या. पीएचडी झालेली, नाव मिळवलेली इंजिनिअर सहायक म्हणून का जाईल? कारण मोठी कंपनी वरून कशी दिसते, निर्णय कसा होतो, कोणता आकडा आधी विचारला जातो, हे तिथेच बसून दिसतं. पुढे २००७ मध्ये त्या फ्रीस्केल या चिप कंपनीला गेल्या. तिथे आधी तंत्रज्ञान प्रमुख होत्या, मग एका पूर्ण व्यवसाय विभागाच्या नफ्या-तोट्याची जबाबदारी आली. २०१२ मध्ये एएमडी, आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये सीईओ.

तेव्हा एएमडीचा शेअर तीन डॉलरच्या आसपास होता. सगळं जग मोबाईलच्या मागे धावत होतं. सू यांनी ठरवलं की आपण ताकदीच्या प्रोसेसरवरच लक्ष द्यायचं. २०१५ आणि २०१६ ही दोन्ही वर्षं तोट्यात गेली, कारण नवी चिप घडायला वर्षं लागतात आणि मध्ये दाखवायला हातात काही नसतं. मार्च २०१७ मध्ये रायझन ही नवी चिप बाजारात आली आणि मग चित्र पालटलं. तोट्याची ती दोन वर्षं मंडळासमोर उभं राहून 'थांबा, येतंय' म्हणायचं, तर आपलं डिझाइन आतून कळलेलं असावं लागतं. दुसऱ्याने दिलेल्या अहवालाच्या भरवशावर तेवढा धीर निघत नाही.

माझं एक वर्ष गेलं. ड्रॉप लागला. आता काय?

हा प्रश्न विचारताना मुलांची मान खाली असते. मला ते बघवत नाही.

मॉरिस चँग नावाचा मुलगा एमआयटीत मेकॅनिकल शिकत होता. पीएचडीला बसण्यासाठी जी पात्रता परीक्षा असते तिच्यात तो दोनदा नापास झाला. १९५५ मध्ये नोकरी शोधावी लागली. फोर्डने महिन्याला ४७९ डॉलर देऊ केले आणि सिल्व्हेनिया या कंपनीने ४८०. त्याने फोर्डला विचारलं, थोडं वाढवता का? ते नाही म्हणाले. तो सिल्व्हेनियाला गेला आणि तिथे ट्रान्झिस्टरशी गाठ पडली. १९५८ मध्ये टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स. तिथे एका ट्रान्झिस्टरच्या लाईनवर चांगला माल जवळपास निघतच नव्हता. चँग यांनी तापमान, दाब बदलत, नोंदी ठेवत काही महिन्यांत तो वीस टक्क्यांच्या पुढे नेला. कंपनीनेच मग त्यांना स्टॅनफर्ड विद्यापीठात पाठवलं आणि १९६४ मध्ये ते पीएचडी झाले.

पंचवीस वर्षं तिथे काढूनही सगळ्यात वरची खुर्ची मिळाली नाही. १९८७ मध्ये, वयाच्या ५५ व्या वर्षी, त्यांनी तैवानमध्ये टीएसएमसी उभी केली. स्वतःची चिप विकायची नाही, दुसऱ्यांनी डिझाइन केलेली बनवून द्यायची, अशी ती कंपनी. आज तुमच्या खिशातल्या फोनची चिप बहुधा तिथलीच असेल.

एटीकेटी लागली म्हणून डिग्री सोडून देणारी मुलं मी पाहिली आहेत. लेकरांनो, त्या दोन विषयांचा अभ्यास करा आणि पुढे चला. मुलाखतीत मी गुणपत्रिका बघतो, पण एक कार्ड समोर ठेवून 'यात काय बिघडलंय सांग' हे आधी विचारतो.

मी डिप्लोमावाला आहे. डिग्रीवाल्यांपुढे टिकेन का?

पॅट गेल्सिंगर हे पेनसिल्व्हेनियातल्या शेतकरी घरातले. तंत्रनिकेतनासारखा अभ्यासक्रम करून १९७९ मध्ये १८ व्या वर्षी इंटेल या चिप कंपनीत तंत्रज्ञ म्हणून लागले, नोकरी सांभाळत पदवी आणि पुढे स्टॅनफर्डची मास्टर्स केली, आणि ८०४८६ या प्रोसेसरचे मुख्य रचनाकार झाले. २०२१ मध्ये त्याच इंटेलचे सीईओ. डिसेंबर २०२४ मध्ये त्यांना पद सोडावं लागलं, हेही सांगतो. उत्तम इंजिनिअर असणं पुरतंच असं नाही, आणि इंटेल तेव्हा फार मागे पडलेली होती. पण तंत्रज्ञाच्या बाकापासून तिथवरची चाल खरी आहे.

मी स्वतः डिप्लोमावाला. डिग्री रात्री अभ्यास करून नंतर मिळवली. पहिली चार-पाच वर्षं डिग्रीवाला पुढे दिसतो आणि त्याचा त्रास होतो, ते मी भोगलंय. पण डिप्लोमाच्या मुलाचा हात सोल्डरिंगवर बसलेला असतो आणि त्याला मीटर धरायची लाज वाटत नाही. गणित मात्र पुढे आडवं येतं. तेवढं नेटाने भरून काढा.

मराठवाड्यात नीट शिकायला कुठे मिळेल?

छत्रपती संभाजीनगरचं शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय १९६० पासून आहे. नांदेडला विष्णुपुरीचं श्री गुरु गोबिंदसिंगजी अभियांत्रिकी संस्थान १९८१ चं. डिप्लोमासाठी लातूर, नांदेड, बीड, जालना इथे शासकीय तंत्रनिकेतनं आहेत. एक जागा मुलांना फारशी माहीत नसते आणि मला तिच्याविषयी फार आपुलकी आहे. ती म्हणजे छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठाच्या आवारातलं नाईलिट, केंद्र सरकारची इलेक्ट्रॉनिक्सची संस्था, आमच्या वेळचं सीईडीटीआय. इलेक्ट्रॉनिक्सची वस्तू कागदापासून पेटीपर्यंत कशी घडते, हे तिथे शिकवतात. चिकलठाण्यात इंडो-जर्मन टूल रूम आहे. इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलाने तिथे का जावं? कारण कार्ड कितीही चांगलं असलं तरी त्याचं प्लास्टिकचं घर बसलं नाही तर माल परत येतो, आणि साच्याचा खर्च बघून भलेभले घाम पुसतात.

पहिली नोकरी कोणत्या विभागात धरू? डिझाइनलाच मिळाली पाहिजे ना?

सगळ्यांना डिझाइनच पाहिजे असतं. मी सांगेन, मिळत असेल तर परत आलेल्या मालाच्या टेबलावर बसा. कारखान्यात त्याला रिपेअर म्हणतात, रिटर्न म्हणतात, आणि तिथे कुणी आनंदाने जात नाही.

माझी पहिली दोन वर्षं तिथे गेली. सकाळी पेट्या यायच्या, संध्याकाळपर्यंत चाळीस-पन्नास कार्डं बघायची. सहा महिन्यांत माझ्या लक्षात आलं की चिप क्वचित मरते. मरतो तो कपॅसिटर (वीज थोडा वेळ साठवणारा भाग), उखडतो तो कनेक्टर, फुटतं ते सोल्डर. पुस्तकात शेवटच्या पानावर असणाऱ्या गोष्टी शेतात आणि स्वयंपाकघरात पहिल्या पानावर येतात.

कपॅसिटरचंच घ्या. इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य तापमान दहा अंशांनी कमी झालं की साधारण दुप्पट होतं. ८५ अंशांना २,००० तास असं छापलेला कपॅसिटर ६५ अंशांत सुमारे ८,००० तास चालेल, म्हणजे अखंड चालू ठेवला तर वर्षही नाही. त्याच जागी १०५ अंशांचा, तेवढ्याच तासांचा घातला तर सुमारे ३२,००० तास, साडेतीन वर्षांच्या वर. किमतीत फरक काही रुपयांचा. आता परभणीच्या मे महिन्यात, शेतातल्या आखाड्यावर, लोखंडी पेटीत, उन्हात टांगलेल्या कंट्रोलरच्या आत किती अंश होत असतील? बाहेरच ४३-४४ असतं. थंड प्रयोगशाळेत बसलेल्या माणसाने ८५ चा निवडला असेल तर त्याचा दोष नाही, त्याने तो आखाडा पाहिलेला नाही.

आणि एकट्या उन्हाने भागत नाही. रात्रपाळीच्या लाईटीत व्होल्टेज पडतं, एखादी फेज उडते, मोटार गुरगुरते आणि जळते. मृगाच्या तोंडावर वीज कडाडते आणि तारेतून झटका येतो. पेटीत ऊब असते म्हणून मुंग्या घर करतात आणि मुंग्यांमागे पाल येते. पाल दोन टोकांवर पडली की कार्ड काळं. जिंतूरकडच्या एका शेतकरी काकांनी मला असं कार्ड रुमालात गुंडाळून आणून दिलं होतं, पालीसकट. ते चिडलेले नव्हते. उसाला पाणी तुटलं होतं याचं दुःख होतं. परतल्यावर आम्ही टोकांमधलं अंतर वाढवलं, कार्डावर संरक्षक लेप द्यायला लागलो आणि तारा आत येतात त्या भोकांना रबरी ग्लँड सक्तीचे केले. तीन बदल, आणि तिन्ही त्या रुमालातून आले.

पुढे कंपनी चालवताना खर्च कुठे वाचवायचा हा प्रश्न रोज येतो. टेबलावर बसलेला माणूस कपॅसिटरवर वाचवत नाही.

डिझाइन इंजिनिअरपासून वर जाताना काय बदलतं?

आधी तुम्ही एका कार्डाची जबाबदारी घेता, मग एका वस्तूची. वस्तूची जबाबदारी म्हणजे तिचा भाव, तिचं बीआयएसचं (भारतीय मानक ब्यूरोचं) प्रमाणपत्र, तिचा सुटा भाग बंद झाला तर पर्याय, आणि ती चालवणाऱ्याचा फोन. यानंतरची पायरी नफ्या-तोट्याची, आणि बरेच चांगले इंजिनिअर तिथे थांबतात. त्यांना वाटतं की आकडे हे हिशेबनिसाचं काम. माझा एक सहकारी माझ्यापेक्षा कितीतरी सरस डिझायनर होता. त्याने विभागप्रमुखपद दोनदा नाकारलं आणि तो आजही उत्तम डिझाइन करतो, समाधानी आहे. ती वाटही मानाची आहे. पण सीईओ व्हायचंय तर विक्रीवाल्यांबरोबर गाडीत बसून ग्राहकाकडे जावं लागेल आणि बॅलन्सशीट वाचायला शिकावं लागेल. अकाउंट्सच्या माणसाला चहा पाजा, तो दोन रविवारांत शिकवेल.

सीईओचा सगळ्यात अवघड निर्णय कोणता असतो?

माझ्या मते, काय बनवणं थांबवायचं हा.

इंटेल १९६८ मध्ये निघाली ती मेमरी चिप बनवायला. १९८० च्या दशकात जपानी कंपन्या त्याच चिप जास्त चांगल्या आणि स्वस्त बनवायला लागल्या. इंटेलच्या लोकांचा जीव मेमरीत होता, ओळखच ती होती. अध्यक्ष अँडी ग्रोव्ह हे केमिकल इंजिनिअर, बर्कलीचे पीएचडी. त्यांनी आणि गॉर्डन मूर यांनी १९८५ मध्ये डीरॅम, म्हणजे त्या मेमरी चिप, सोडायचं ठरवलं आणि सगळी ताकद मायक्रोप्रोसेसरवर लावली. कारखाने बंद झाले, हजारोंच्या नोकऱ्या गेल्या, १९८६ साल तोट्यात गेलं. ग्रोव्ह १९८७ मध्ये सीईओ झाले. पुढे जवळपास प्रत्येक संगणकावर इंटेलचं नाव आलं.

आता आपल्याकडचं. पैठण रस्त्यावरचं चितेगाव आणि व्हिडिओकॉन ही नावं आपल्या भागातल्या कितीतरी घरांच्या चुलीशी जोडलेली होती. २००५ मध्ये व्हिडिओकॉनने फ्रान्सच्या थॉमसनचा पिक्चर ट्यूबचा जगभरचा व्यवसाय घेतला, चीन, पोलंड, मेक्सिको, इटलीतल्या कारखान्यांसह. मराठवाड्यातल्या कंपनीने युरोपातला कारखाना घ्यावा याचा आम्हाला तेव्हा फार अभिमान वाटला, आणि तो अभिमान खोटा नव्हता. पण त्याच वर्षांत सपाट पडद्याचे टीव्ही वेगाने स्वस्त होत गेले आणि काचेच्या ट्यूबची मागणी सरली. कंपनीच्या कर्जाची कारणं आणखीही होती. दूरसंचारात उडी घेतली, आणि २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जे १२२ परवाने रद्द केले त्यात तिचेही होते. २०१८ मध्ये प्रकरण दिवाळखोरीच्या न्यायाधिकरणात गेलं.

हे मी कुणाला दोष द्यायला लिहीत नाही, कारण तीच चूक मी छोट्या मापाने केली आहे. आम्ही टीव्हीचे स्टॅबिलायझर बनवायचो. चांगले बनवायचो, ट्रान्सफॉर्मर स्वतः गुंडाळायचो. मग टीव्हीच असे यायला लागले की ९० ते २७० व्होल्टमध्ये आपले आपण चालतात. मी इंजिनिअर. नव्या टीव्हीचा पॉवर सप्लाय उघडून बघितला त्याच दिवशी मला कळलं होतं की आपलं काम संपलं. तरी दोन वर्षं लाईन चालू ठेवली. गुंडाळणीला अकरा बायका होत्या, त्यांच्याशी बोलायची हिंमत होईना. गोदामात माल साठला, बँकेची कर्जमर्यादा संपली आणि शेवटी पंपाच्या कंट्रोलरसाठी ठेवलेले पैसे त्यात गेले. त्या दोन वर्षांत मी त्या बायकांना सोल्डरिंग शिकवू शकलो असतो. नंतर शिकवलंच, पण तोवर अकरातल्या चौघी सोडून गेल्या होत्या.

सर्किट कळतं त्यालाच शेवट आधी दिसतो. दिसल्यावर बोलायला किती दिवस लावायचे, हे मी आता स्वतःला ठरवून दिलंय. एक तिमाही. त्यापेक्षा जास्त नाही.

पैशाचं गणित कसं असतं?

इलेक्ट्रॉनिक्समध्ये पैसा मालात अडकतो. सुटे भाग बाहेरून येतात, आगाऊ पैसे मागतात, यायला कधी आठ आठवडे, कधी वीस. २०२१ मध्ये काही मायक्रोकंट्रोलर (कार्डाचा मेंदू असलेली चिप) वर्षभर आले नाहीत. एका कार्डावर शंभर भाग असतील आणि नव्याण्णव आले असतील तर शून्य कार्डं तयार होतात. माल गेल्यावर मोठा ग्राहक साठ-नव्वद दिवसांनी पैसे देतो. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार लघुउद्योगाचे पैसे लेखी करार असला तरी ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात, करार नसेल तर १५. २०२३ च्या वित्त कायद्याने त्याला धार आणली आहे. वेळेत पैसे दिले नाहीत तर ग्राहकाला त्या खर्चाची आयकरात त्या वर्षी वजावट मिळत नाही, दिल्यावरच मिळते. लघुउद्योगाची सरकारी 'उद्यम' नोंदणी करून ठेवा आणि बिलावर तो क्रमांक छापा.

मुलीला इलेक्ट्रॉनिक्सला टाकू का? रात्रपाळी, कारखाना…

टाका. लिसा सू यांच्याविषयी वर लिहिलंच आहे, पण इतक्या लांब जायला नको. माझ्या टेस्टिंग विभागाची प्रमुख अंबाजोगाईची आहे आणि तिने 'पास' म्हटल्याशिवाय मीसुद्धा गाडी सोडू शकत नाही. पालकांची काळजी मला समजते. म्हणून कंपनी बघताना जाण्या-येण्याची बस, स्वच्छतागृह आणि अंतर्गत तक्रार समिती आहे का, हे स्पष्ट विचारा. लाजू नका. ज्या कंपनीला या प्रश्नाचा राग येतो तिथे मुलीला पाठवू नका.

आयटीत पगार जास्त आहे. मग इलेक्ट्रॉनिक्समध्ये का थांबू?

सुरुवातीचा पगार तिकडे बहुतेक वेळा जास्तच असतो. घरावर कर्ज असेल, बहिणीचं लग्न असेल, तर जा. त्यात काही गैर नाही. मात्र 'प्लेसमेंट आली म्हणून गेलो' आणि मग पाच वर्षांनी परत यायचं म्हटलं तर हाताची सवय गेलेली असते. मधली वाटही आहे. मायक्रोकंट्रोलरवर चालणारं सॉफ्टवेअर, म्हणजे एम्बेडेड. सी भाषा पक्की करा, एक बोर्ड घ्या, घरच्या मोटारीचा स्टार्टर मोबाईलवर चालवून दाखवा. ऑसिलोस्कोप (विजेचे चढउतार पडद्यावर दाखवणारं यंत्र) आणि कोड दोन्ही वाचणारा माणूस आम्हाला शोधून सापडत नाही.

इंग्रजी येत नाही.

डेटाशीट, म्हणजे सुट्या भागाचं माहितीपत्रक, वाचता आली पाहिजे, तिथून सुरू करा. तिच्यात तेच दोनशे शब्द फिरून फिरून येतात. रोज एक पान. बोलणं ग्राहकांत राहून येतं. मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकलो आणि जर्मन ग्राहकाशी माझं पहिलं बोलणं निम्मं आकृत्या काढून झालं होतं. त्याचंही इंग्रजी माझ्याइतकंच होतं.

मराठवाड्यात राहून हे जमेल, की पुणे-बंगळूर गाठावंच लागेल?

चिप डिझाइन करायचं असेल तर आज तरी बंगळूर, हैदराबाद, पुणे, नोएडा. केंद्राने डिसेंबर २०२१ मध्ये सेमीकंडक्टरसाठी ७६,००० कोटींचा कार्यक्रम आणला, पण त्यातले मोठे कारखाने आपल्या आसपास नाहीत. पॉवर इलेक्ट्रॉनिक्स, वाहनांची इलेक्ट्रॉनिक्स, शेतीची उपकरणं, इथे मात्र आपण ठीक जागी उभे आहोत. वाळूजला बजाजचा कारखाना १९८५ मध्ये आला आणि त्याच्याभोवती सुटे भाग बनवणाऱ्यांची पिढी घडली. ती पिढी गिअर आणि कास्टिंगची होती. इलेक्ट्रिक गाडीत गिअर कमी होतात आणि कंट्रोलर, चार्जर, बॅटरीवर लक्ष ठेवणारं कार्ड, वायरिंग वाढतं. शेंद्रा-बिडकीनच्या ऑरिक औद्योगिक वसाहतीत एथर या इलेक्ट्रिक स्कूटरच्या कंपनीने २०२४ मध्ये कारखाना जाहीर केला, त्याचा अर्थ मी असा लावतो. मार्च २०२५ मध्ये सुट्या भागांच्या निर्मितीसाठी केंद्राने २२,९१९ कोटींची योजना मंजूर केली. तिच्यातलं आपल्याकडे किती येईल हे आपण काय बनवू शकतो यावर ठरेल.

माझं मत विचाराल तर पाच वर्षं बाहेर काढा. मोठी लाईन बघा, कडक ग्राहक बघा. मग परत या. आखाडा इथे आहे, ऊन इथे आहे, आणि शेतकरी काका रुमालात कार्ड गुंडाळून दाराशी येतात ते इथेच. तो सल्लागार बंगळूरला पैसे देऊन मिळत नाही.

इंजिनिअर सीईओ कुठे चुकतात?

डिझाइनमध्ये हात घालत राहतात. मी रात्री नऊ वाजता मुलांच्या खांद्यावरून स्क्रीनकडे बघायचो आणि 'इथे डायोड टाक' म्हणायचो. साहेब म्हणाले म्हणून टाकायचे. एकदा त्या डायोडमुळेच बॅच परत आली. त्यानंतर मी ड्रॉइंगवर बोट ठेवत नाही, प्रश्न विचारतो आणि उत्तर लिहून घेतो. आणि दुसरी चूक म्हणजे भाव कमी लावणं. आपल्याला वस्तूची किंमत माहीत असते, म्हणून जास्त मागायला जीभ रेटत नाही. गॅरंटीत परत येणाऱ्या मालाचा खर्च भावात धरा.

तुमचा कारखाना बघायला येता येईल का?

हो. महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी कॉलेजमार्फत या, एका वेळी वीस जण. आत जाताना चप्पल-बूट बाहेर काढून आमचे बूट घालावे लागतील आणि मनगटाला पट्टा बांधावा लागेल, कारण अंगावरच्या स्थिर विजेने चिप मरते आणि ते डोळ्याला दिसत नाही. मोबाईल गेटवर ठेवावा लागेल. घरी एखादं बंद पडलेलं कार्ड असेल, मोटारीचं, इन्व्हर्टरचं, कशाचंही, तर पिशवीत घालून घेऊन या. दुपारी जेवणानंतर रिटर्नच्या टेबलावर बसून ते उघडू.